कंबर आणि कायदा

आपले शरीर आपले खरे. परंतु त्याच्या व्याधींचा खर्च समाजाने सोसायचा, तर त्यावर समाजाचा काहीच अधिकार नाही काय? जपानने २००८ साली या प्रश्नाला शिंप्याच्या टेपने उत्तर दिले. ४० ते ७४ वर्षांच्या विमाधारकांची कंबर मोजावी. पुरुषांची ८५, स्त्रियांची ९० सेंटिमीटरांवर जाऊन रक्तदाबादी दोष आढळल्यास आहारविहाराचे मार्गदर्शन करावे, असा नियम केला. दंड व्यक्तीला नाही; उद्दिष्ट न गाठणाऱ्या विमासंस्थेला.

योजना सौम्य भासते. पण ज्याच्यापायी संस्थेला भुर्दंड पडेल, त्याच्याकडे सहकारी कोणत्या नजरेने पाहतील? कायदा थांबतो तेथे लज्जा दंड वसूल करू लागते. म्हणून कंबर मोजणाऱ्याने कामाचे तासही मोजावेत. चालावयास, झोपावयास सवड न देता संयम मागणे हा न्याय नव्हे.