पानांची भाषा

ब्रिजमध्ये बचाव करणाऱ्या दोघां भिडूंस एकमेकांचे हात दिसत नाहीत; बोलावयाचे ते पानांनीच. एकाने एक्का उतरावा, दुसऱ्याने त्यावर दुर्री सोडून अठ्ठी टाकावी, की 'हाच रंग पुढे चालव' असा तिचा रूढ अर्थ होतो. ही खूण न्याय्य, मग बोटांची खूण तेवढी पाप का?

१९६५ साली ब्यूनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत रीस आणि शापिरो या ब्रिटिश जोडीवर, पत्त्यांमागील बोटांच्या संख्येने बदामाची पाने कळविल्याचा आरोप आला. जागतिक संघाने त्यांस दोषी धरले. पुढील वर्षी ब्रिटनमधील चौकशीने निर्दोष ठरविले. निवाड्याचा वाद राहो. ती खूण असलीच तर खरे सांगणारी होती. उलट तीच अठ्ठी प्रतिपक्षास चकविण्यासाठी टाकणारा खोटे बोलतो आणि वाहवा मिळवितो! आम्हांस यात विसंगती दिसत नाही. मांडलेले पान चौघांस दिसते, त्याचा ठरलेला अर्थ विचारण्याचा प्रतिपक्षास अधिकार असतो, आणि चकविणाऱ्याचा स्वतःचा भिडूही फसू शकतो.

खरी अडचण निराळीच आहे. भिडू पान टाकताना घुटमळला, आणि नकळत बरेच सांगून गेला. नियम म्हणतो, त्याचा लाभ घेऊ नये. परंतु कळलेले न कळल्यासारखे कसे करावे? आपणांस सुचलेली चाल मूळची आपली की त्या घुटमळण्याची, हे पंचास सोडाच, स्वतःसही सांगवत नाही. म्हणून सज्जन खेळाडू पुष्कळदा बरोबर पान हातातच ठेवतो, आणि डाव घालवितो.