पाचवे शील आणि वर्गाबाहेरचा मुलगा



विहारात पंचशील घेताना पाचव्या शीलापाशी आपला आवाज जरा चढतो. ते योग्यच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा होती; तिने कितीतरी घरे सावरली. पण ज्याचे हे शील मोडले, त्याच्याशी आपण कसे वागावे? हा प्रश्न मला छळतो.

मी शाळामास्तर, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. माझ्या सातवीच्या वर्गातील एका मुलाच्या रुमालाला सायकलच्या पंक्चर-सोल्यूशनचा वास येई. दप्तरात ट्यूब सापडली. मी त्याला सर्वांसमोर बोललो आणि वर्गाबाहेर उभे केले. तो पुन्हा शाळेत आलाच नाही. मला वाटले, वर्ग शुद्ध झाला.

शुद्ध! हा शब्द आपल्या तोंडी शोभतो काय? विटाळाच्या नावाखाली माणसाला बाहेर उभे करणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबांना विचारावे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत जास्त, आणि मदतीची गरज असलेली अशी मुले सुमारे ४ लाख ६० हजार, असे तीत आढळले. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतो. सोल्यूशन, थिनर यांतील टोल्युइनसारखी द्रव्ये मेंदूवर आघात करतात. हुंगताना हृदय एकाएकी बंद पडून मृत्यूही येऊ शकतो. म्हणजे मी ज्याला शिक्षा केली, तो रोगाच्या वाटेवरचा मुलगा होता.

तथागतांची दृष्टीही अशीच कार्यकारणाची आहे. सिगालोवाद सुत्तात व्यसनाचे सहा परिणाम सांगितले आहेत: धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धिनाश. तेथे देवाचा कोप नाही, परलोकाची धमकी नाही. शीलाला आपण शिक्षापद म्हणतो. म्हणजे शिकण्याचा पाठ. पाठ चुकला म्हणून विद्यार्थ्याचे नाव कापायचे काय?

कुणी म्हणेल, “गुरुजी, मग सारेच माफ?” मुळीच नाही. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे तथागतांनी सांगितले, त्यांत मादक पदार्थांचा व्यापार आहे. दुसऱ्याच्या पडण्यावर जो पोट भरतो, त्याची जबाबदारी मोठी. पण तेथेही विवेक हवा. स्वतःच्या पुडीसाठी चार पुड्या विकणारा पोरगा आणि पडद्यामागचा धनी एका मापाने मोजता येत नाहीत. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातही, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून सूट देणारे कलम आहे. सोल्यूशन तर त्या कायद्यात येतच नाही. ते किराणा दुकानात मिळते. तेथे पोलीस पोहोचणार नाही. दुकानदाराला जाब विचारायचा तो आपणच.

त्या मुलाच्या वस्तीत मी दोनदा गेलो. घर सापडले, आई भेटली, तो भेटला नाही. मी पुन्हा जाणार आहे.

वाचकहो, येत्या पौर्णिमेला पाचवे शील म्हणताना विहाराच्या दाराकडे एकदा पाहा. कुणी बाहेर उभा असेल, तर त्याला आत घ्या. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.