अंगठा आणि लहर

जन्मभर धुणीभांडी केलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात. हैदराबादमधल्या गौलीगुड्याच्या रेशन दुकानावर अशा बाईला अंगठा पुन्हापुन्हा टेकवावा लागतो. त्याहून वाईट ठशांची चोरी. याच तेलंगणात, पेद्दपल्ली जिल्ह्यात, एका सिमविक्रेत्याने जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे उचलून रबराचे अंगठे बनवले आणि त्यांवर हजारो सिम कार्डं चालू केली. 2018 मध्ये हे उघडकीस आलं. पासवर्ड बदलता येतो. ज्यांचे ठसे गेले, त्यांनी अंगठा कुठून बदलायचा?

म्हणून मेंदूच्या लहरींवरून ओळख पटवण्याची कल्पना मला मोलाची वाटते. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने 1924 मध्ये माणसाच्या मेंदूतल्या या लहरी प्रथम टिपल्या. त्या फार क्षीण असतात, पण एकच चित्र पाहताना दोघांच्या लहरी तंतोतंत सारख्या उमटत नाहीत. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात 50 जणांना चित्रं दाखवून प्रत्येकाला लहरींवरून अचूक ओळखलं गेलं. प्रयोगशाळेतले 50 म्हणजे हैदराबाद नव्हे, हे खरं. तरी नोंद चोरीला गेली तर चित्रं बदलून नवी खूण घेता येईल, ही सोय अंगठ्यात नाही.

भीती वेगळीच आहे. अंगठा मी कोण एवढंच सांगतो. लहर त्यापुढचंही बोलते. 2012 मध्ये संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या हेडसेटवरून लोकांच्या बँकेचा आणि पिनच्या पहिल्या आकड्याचा अंदाज बांधून दाखवला, अचूक नव्हे, पण निव्वळ नशिबापेक्षा सरस. आपल्याकडे तर गोष्ट तुरुंगापर्यंत गेली. संशयित गप्प बसलेला, डोक्यावर लहरी टिपणारी टोपी, कानावर गुन्ह्याची वाक्यं, आणि लहरींत ‘आठवण’ शोधणारं यंत्र. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात अशा यंत्राचा निष्कर्ष पुराव्यात धरून जन्मठेप दिली. अखेर 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, संमतीवाचून अशी चाचणी नाही.

पण ते संरक्षण आरोपीचं. उद्या कंपनीच्या फाटकावर टोपी घाला म्हटलं, तर नोकरीची गरज असलेला माणूस नाही म्हणेल कसा? त्याला कार्डाचा किंवा सहीचा रस्ता खुला हवा. लहरींची जुळणी टोपीतल्या चिपमध्येच व्हावी, बाहेर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच जावं आणि मूळ नोंद तिथल्या तिथे पुसली जावी. चिलीने 2021 मध्ये मेंदूतल्या माहितीचं संरक्षण राज्यघटनेत लिहिलं. आपल्या 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मेंदूचा वेगळा उल्लेखही नाही, म्हणून पर्यायाची आणि नोंद पुसण्याची अट टोपी फाटकावर येण्याआधी घालायला हवी.