बेटांचे बारसे

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस बहामातल्या एका बेटावर उतरला. तिथले लुकायन लोक त्या बेटाला ग्वानाहानी म्हणत. कोलंबसाला हे नाव ठाऊक होते. पुढच्या वर्षीच्या पत्रात त्याने ते नोंदवलेही. तरी बेटाचे नाव त्याने ठेवले सान साल्वादोर, पवित्र तारणहार. पुढच्या बेटांना मेरीचे, राजा फर्नांडोचे आणि राणी इसाबेलाचे नाव मिळाले, तर क्यूबाला युवराज हुआनचे. आधी देव, मग देवमाता, मग राजघराणे, असा हा मानाचा क्रम. झेंडा फडकावून आपण ही बेटे ताब्यात घेतली, असे त्याच पत्रात तो सांगतो. नाव ठेवणे हा त्या ताब्याचाच भाग होता. स्थानिक नाव माहीत असणे वेगळे आणि ते मानणे वेगळे. बेटांच्या नावांचा पुढचा इतिहास या दोन गोष्टींमधल्या अंतराचा आहे.

नंतर दिनदर्शिका कामी आली. ३ नोव्हेंबर १४९३ हा रविवार होता, म्हणून डोमिनिका. १६४३ च्या नाताळच्या दिवशी दिसले ते ख्रिसमस बेट. ५ एप्रिल १७२२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, डच दर्यावर्दी रॉगेवेन जिथे पोचला ते ईस्टर बेट. समुद्रात रेखांश मोजण्याचे भरवशाचे साधन तेव्हा नव्हते. त्यामुळे स्पॅनिश दर्यावर्दी मेंडान्याने १५६८ मध्ये गाठलेली सॉलोमन बेटे युरोपीय जहाजांना पुढे जवळजवळ दोनशे वर्षे सापडली नाहीत. अशा अनिश्चिततेत दर्यावर्दीच्या हाती पक्की होती ती तारीख, आणि तीच बेटाचे नाव होऊन बसली. पण तारीख होती पाहुण्याची. ईस्टर बेटावर माणसे पिढ्यानपिढ्या राहत होती आणि त्यांनी प्रचंड दगडी मूर्ती घडवल्या होत्या.

मोहिमांचा खर्च उचलणाऱ्यांचीही आठवण ठेवावी लागे. फिलिपिन्स हे स्पेनच्या युवराजाचे नाव, मॉरिशस हे डच राजपुत्राचे. मॅगेलनने तर १५२१ मध्ये ग्वाम आणि शेजारच्या बेटांना चोरांची बेटे ठरवले. त्याची एक लहान नाव पळवली गेली होती, त्याचा राग तिथल्या चामोरो लोकांच्या साऱ्या भूमीवर निघाला.

वळण दिसते ते ताहितीत. १७६७ मध्ये ब्रिटिश कप्तान वॉलिसने या बेटाला इंग्लंडच्या राजाचे नाव दिले. दोन वर्षांनी आलेल्या कुकने मात्र तिथल्या लोकांच्या तोंडचे नाव वापरले. तिथून राइआतेआ बेटाचा पुरोहित आणि जाणता दर्यावर्दी तुपाइआ त्याच्या जहाजावर चढला. त्याच्या माहितीवरून तयार झालेल्या नकाशात सत्तरहून अधिक बेटे आहेत, स्थानिक नावांसह. प्रशांत महासागर अनामिक कधीच नव्हता, याचा हा लेखी पुरावा. पण स्थानिक नाव मानण्याचा विचार एकदा सुचला म्हणून टिकतोच असे नाही. याच कुकने १७७८ मध्ये हवाईला ब्रिटिश नौदलाचे प्रमुख लॉर्ड सँडविच यांचे नाव दिले. ते नाव मागे पडले, हवाई टिकले.

या वाटचालीतला सर्वांत मोठा क्षण मला १८०४ चा वाटतो. कोलंबसाने ला एस्पान्योला म्हटलेल्या बेटाच्या पश्चिम भागातल्या आफ्रिकी गुलामांनी फ्रेंच सत्ता उलथून टाकली आणि आपल्या देशाला हैती हे तिथल्या मूळ तायनो लोकांचे नाव दिले. तायनो समाज त्याआधीच जवळजवळ नष्ट झाला होता. गुलामांचे त्यांच्याशी रक्ताचे नाते नव्हते, पण ज्यांच्यावर आधी अन्याय झाला त्यांचे नाव त्यांनी परत आणले.

म्हणून प्रत्येक युरोपीय नाव पुसावे असे मी म्हणणार नाही. मॉरिशसवर डच आले तेव्हा तिथे वस्ती नव्हती. पुढे तिथे वसलेल्यांनी, त्यात मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांनीही, हे नाव आपलेसे केले. जिथे माणसे होती तिथे मात्र त्यांना विचारायला हवे होते. शाळेच्या नकाशात अशा बेटांची दोन्ही नावे छापली, तर तिथे आधी कोण राहत होते हे मुलांना कळेल, आणि शोध कोणी लावला हा प्रश्न ती अधिक प्रामाणिकपणे विचारतील.