लहानांचे हात



इस्राएल लोक रानांत असतां निवासमंडप उभारावयाचा होता. त्या वेळीं देवानें कोणाला आपल्या आत्म्यानें भरलें, हें निर्गमाच्या 31 व्या अध्यायांत सांगितलें आहे. तो मनुष्य राजा नव्हता, संदेष्टाही नव्हता. तो बसालेल नांवाचा कारागीर होता. सोन्यारुप्याचें व पितळेचें काम, रत्नें कोरणें, लांकडावरील नक्षी, यांसाठीं त्याला तें दान मिळालें. पुढें 35 व्या अध्यायांत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आमचें लक्ष क्वचितच जातें. त्याच्या व अहलियाबाच्या मनांत देवानें दुसऱ्यांस शिकविण्याचीही बुद्धि घातली. हातानें वस्तु करणें हें जसें दान आहे, तसेंच ती करावयास शिकविणें हेंही दान आहे. या दुसऱ्या दानाविषयीं, आणि तेंही अगदीं लहान मुलांच्या संबंधानें, आज चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

आमच्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं दोर वळले, केरसुण्या बांधल्या, टोपल्या विणल्या. त्या कामाबद्दल त्यांस मान मिळाला नाहीं, हेटाळणीच मिळाली. म्हणून मुलांच्या हातीं पाटी आली तेव्हां आईबापांस वाटलें कीं, आतां ह्या हातांस माती लागूं नये. हें वाटणें आम्हांस समजतें. परंतु दोष हातांचा नव्हता. त्या हातांस हलकें लेखणाऱ्यांचा होता. आमचा प्रभु सुताराच्या घरीं वाढला, आणि त्याच्या गांवचे लोक त्याला सुतार म्हणूनच ओळखत होते.

लहान मूल हातानें शिकतें, ही गोष्ट थोर शिक्षकांनींही ओळखली. फ्रेडरिक फ्रोबेल हा एका जर्मन पाळकाचा मुलगा. त्यानें 1837 सालीं ब्लँकेनबुर्ग गांवीं लहान मुलांसाठीं संस्था काढली व 1840 सालीं तिला ‘मुलांची बाग’ या अर्थाचें किंडरगार्टन हें नांव दिलें. आपल्या इकडे ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणाचें काम आरंभिलें, व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. मुलें शाळेकडे येईनात, तेव्हां त्यांनीं शाळाच मुलांच्या आंगणांत नेली. खडे, शिंपले, पानें, बिया हींच तेथील साधनें झालीं. तेव्हां पैसा नाहीं म्हणून आमच्या मुलांस खेळणीं नाहींत, असें कोणी म्हणूं नये.

पावसाळ्यांत ओढ्याकांठची चिकण माती आणावी, खडे वेंचून काढावे व ती कणकेसारखी मळावी. तिचे बैल, चुली, भांडीं मुलांनीं करावीं. तीं सावलींत वाळवावीं. उन्हांत ठेविल्यास तडकतात. ज्वारी निघाल्यावर ताटांची गाडी करावी. आंतील हलक्या भेंडाचे तुकडे सालपटांच्या काड्यांनीं जोडावे, व आंस म्हणून बाभळीचा कांटा घालावा. सालपटाची धार बोट कापते, यास्तव ताट सोलण्याचें व कांट्याचें काम मोठ्यांनीं करावें. पिंपळाचीं पानें कांहीं आठवडे पाण्यांत भिजत ठेवावीं, मधूनमधून पाणी बदलावें, आणि कुजलेला मगज हलक्या हातानें धुऊन टाकावा. मग शिरांची जी नाजूक जाळी उरते, ती पाहून लहानथोर सारेच थक्क होतात.

येथें आम्हांस आपली एक चूक सांगितली पाहिजे. एका गांवीं शब्बाथशाळेच्या मुलांकडून आम्हीं मातीचे बैल करविले. पांचएक वर्षांच्या एका मुलीनें पोट जमिनीला टेकलेला, पाय नसलेला एक गोळा केला. आम्हांस घाई होती. “अग, बैलाला पाय नकोत का?” असें म्हणून आम्हीं तिच्या हातांतून तो घेतला, चार काड्या खोंचल्या व उभा करून परत दिला. तिनें तो खालीं ठेविला, आणि त्या दिवशीं पुन्हां मातीला हात लाविला नाहीं. सायंकाळीं तिच्या आईला हें सांगितलें, तेव्हां ती बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पाळकसाहेब, आमचा ढवळ्या औंदा दुखण्यानं बसला, तो उठलाच नाहीं. पोरगी रोज त्याच्यापाशीं जाऊन बसायची.”

ती मुलगी चुकली नव्हती. आपल्या घरचें दुःख तिनें मातींत मांडलें होतें, आणि आम्हीं तें न विचारतां सुधारलें. दुसऱ्या दिवशीं आम्ही तिच्या आंगणांत गेलों व म्हटलें, “बाळ, काल आम्ही चुकलों. तुझा बैल बसलेला होता ना?” तिनें मान हालविली. मग शेजारीं बसून आम्हींही एक बैल केला, तोही बसलेलाच. त्याच्या तोंडापुढें तिनें चिमूटभर गवत ठेविलें.

यिर्मया कुंभाराच्या घरीं गेला तेव्हां त्यानें काय पाहिलें? चाकावरील भांडें बिघडलें, आणि कुंभारानें त्याच मातीचें दुसरें भांडें घडविलें. मुलाचें काम बिघडलें तर तेंही त्यालाच पुन्हां करूं द्यावें. माती त्याचीच, हातही त्याचेच. आपण शेजारीं बसावें, विचारावें, आणि मागेल तेवढीच मदत करावी.

मात्र एका गोष्टींत जागरूक असावें. तांबडीकाळी गुंज दिसण्यांत सुंदर, पण विषारी आहे. एरंडी, कण्हेर व धोतरा हींही तशींच. रुईचा चीक डोळ्यांस अपाय करितो. तीन वर्षांच्या आंतील मुलांस चिंचोक्यासारखें बारीक बीं देऊं नये. तें नाकांत जातें किंवा घशांत अडकतें. फांदी मोडण्यापेक्षां गळालेलें पान उचलावयास शिकवावें.

येत्या रविवारीं उपासनेनंतर घटकाभर आपल्या लेंकरापाशीं मातींत बसा. शास्त्री बंधूंनो, तुम्हीही शब्बाथशाळेंत तसेंच करा. मुलानें केलेली वस्तु हातीं घेतल्यावर प्रथम विचारा, “बाळ, हें काय केलेंस?” आणि उत्तर पुरें होईपर्यंत थांबा. ज्यानें लहानांस जवळ बोलाविलें, तो आम्हां मोठ्यांस एवढा धीर देवो. आमेन.