चाकांवरचें घर

आमच्या एका जुन्या स्नेह्यांचा मुलगा अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांत नोकरीस आहे. गेल्या वर्षीं त्यानें भाड्याचें घर सोडून एक मालवाहू मोटारगाडी विकत घेतली, आणि ती आपल्या हातानें राहण्याजोगी करून पुढील दोन वर्षें तींतच राहण्याचा व हिंडण्याचा बेत वडिलांस कळविला. नोकरीचें काम कोठूनहि करतां येण्यासारखें असल्यामुळें त्या बाजूनें अडचण नव्हती. अडचण होती ती आमच्या स्नेह्यांच्या मनांत. "एवढें शिकून मुलगा बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणार, हें वैराग्य समजावें कीं थेर?" असें त्यांनीं आम्हांस विचारलें, आणि तो तुमचें ऐकतो, तरी त्यास चार शब्द लिहा, अशी गळ घातली. आम्ही पत्र लिहावयास बसलों खरे, पण तें लौकर पुरें होईना. प्रश्न एका मुलाच्या हट्टाचा नव्हता. स्वावलंबन म्हणून ज्या गुणाचे आपण सर्वच गोडवे गातों, त्याचा अर्थ काय हें आमचें आम्हांसच नीट ठाऊक नाहीं, असें लिहितां लिहितां आढळून आलें.

मुलानें वडिलांस लिहिलेल्या पत्रांत एक वाक्य होतें. "माझ्या छपरावर ऊन पडत आहे तोंवर मी कोणाचाहि मिंधा नाहीं," असें तें वाक्य. बापाला तो आपल्यावर मारलेला शेरा वाटला. आम्हांस तसें वाटलें नाहीं. पण तें खरें आहे कीं काय, हें मात्र पाहावेंसें वाटलें.

आरंभीं आमचा समज असा होता कीं, हा सगळा चित्रांत शोभणारा प्रकार असावा: गाडीचें मागलें दार उघडें, पुढें समुद्र, हातांत कॉफीचा पेला. मुलाचीं पुढलीं पत्रें वाचल्यावर तो समज सोडावा लागला. पोलादी पत्र्याची रिकामी गाडी माणसानें राहावें म्हणून केलेली नसते. उन्हांत ती भट्टीसारखी तापते. थंडींत आंतल्या माणसाच्या श्वासानें पत्र्याला पाणी सुटतें, आणि तें अस्तरामागें मुरलें कीं पत्रा गंजूं लागतो. म्हणून छपराला मोठें भोंक पाडून प्रथम पंखा बसवावा लागतो. नव्या, धड छपराला करवत लावतांना हात थरथरला, असें त्यानें लिहिलें आहे; तेथें चूक झाली तर प्रत्येक पाऊस तिची आठवण करून देतो. कापलेल्या कडा कानशीनें घासून त्यांवर गंजरोधक रंग न दिल्यास गंज तेथूनच शिरतो. पुढें लांकूडकाम. गाडींत एक भिंत सरळ नाहीं कीं एक कोपरा काटकोनांत नाहीं. सुताराचा गुण्या तेथें जवळजवळ निरुपयोगी ठरतो. आधीं पुठ्ठा कापून पत्र्याच्या बाकाला लावून पाहावा, पुन्हां कापावा, पुन्हां लावावा, आणि मग त्या पुठ्ठ्यावरून फळी कापावी. एका कपाटापायीं त्याचे चार रविवार गेले.

हें वाचून आम्हांस आमचीच थोडी लाज वाटली. आमच्या घरीं सुतार येई तेव्हां आम्ही खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचीत असूं आणि मधून मधून "जरा नीट करा हो" एवढें बोलत असूं. पांढरपेशा वर्गानें हाताचें काम इतर जातींना वांटून देऊन शेरे मारण्याचें काम तेवढें आपल्याकडे ठेवलें. त्याचें प्रायश्चित्त हा मुलगा परदेशांत पत्र्याच्या एका पेटींत बसून घेत होता, आणि तेंहि आनंदानें.

परंतु सर्वांत बोधप्रद भाग होता तो सूर्याच्या हिशेबाचा. छपरावर २०० वॉटचे दोन सौर पॅनेल. चांगल्या उन्हाच्या दिवशीं घट वजा जातां त्यांपासून सुमारें दीड युनिट वीज मिळते. तींतून फ्रिजला अर्धा युनिट, संगणकाच्या आठ तासांच्या कामाला जवळजवळ तेवढीच, रात्रभर पंख्याला पंचमांश. उरते ती दिव्यांना आणि उद्यांच्या ढगांना. बॅटरींत फार तर अडीच युनिट मावतात. दीड हजार वॉटची चहाची किटली पांच मिनिटें चालविली तर त्या पंख्याचे पांच तास संपतात. शिवाय बारा व्होल्टांच्या बॅटरींतून दीड हजार वॉट ओढावयाचे म्हणजे सव्वाशें अँपिअरहून अधिक प्रवाह. त्याला करंगळीएवढी जाड तार लागते, आणि बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज नसेल तर तारेचें वेष्टन कोठें घासून पत्र्याला टेकण्याचा अवकाश, कीं गाडी पेटावी. त्यानें किटली मित्राला देऊन टाकली व चहा गॅसवर करूं लागला. पॅनेलांतील चकत्या माळेंतल्या मण्यांप्रमाणें एकामागून एक जोडलेल्या असल्यामुळें एखाद्या फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी पुष्कळ वीज बुडते. सावलींत गाडी उभी केली तर अंग निवतें व बॅटरी उपाशी राहते. उन्हांत उभी केली तर बॅटरी भरते व मालक भाजतो. कोठें थांबावें हा त्याचा रोजचा प्रश्न असा दोन देहांच्या भांडणांतून सुटतो.

या हिशेबांत एक नैतिक लाभ आहे, आणि तो लहान नाहीं. आपण आपल्या घरांत बटण दाबतों तेव्हां आपण काय घेतलें याची आपणांस कल्पना नसते. महिन्याच्या अखेरीस एक आंकडा येतो व आपण महागाईला नांवें ठेवतों. त्या मुलाला मात्र आपल्या प्रत्येक गरजेचें वजन ठाऊक आहे. अपरिग्रहावर व्याख्यानें देणारीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. आपल्या अपरिग्रहाचा आंकडा सांगूं शकणारा हा पहिलाच. मोजतां येणारा संयम हा मोजतां न येणाऱ्या संयमापेक्षां कमी पवित्र दिसतो, पण अधिक खरा असण्याचा संभव आहे.

आतां मिंधेपणाचा विचार करूं. प्रकाशापासून वीज उत्पन्न होते हें फ्रान्सांत बेक्वेरेल यानें १८३९ मध्यें पाहिलें. सिलिकनची कामास येण्याजोगी चकती अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९५४ सालीं निघाली, आणि तिच्यावर पडलेल्या उन्हांतील सुमारें सहा टक्के शक्तीच तिच्या हातीं लागत असे. आज हा आंकडा वीस टक्क्यांच्या वर गेला आहे. ही वाढ कित्येक पिढ्यांतील अज्ञात कामगारांच्या व संशोधकांच्या श्रमाची आहे. पॅनेलाच्या कारखानदारीची प्रत्येक पायरी आज ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रमाणांत चीनमध्यें चढली जाते. बॅटरींतलें लिथियम ऑस्ट्रेलियाच्या खाणींतून किंवा चिलीच्या खारट पाण्यांतून येतें. शिवाय गाडी सूर्यावर चालत नाहीं, पेट्रोलवर चालते. आणि रस्ते तर सर्वस्वीं स्थिर राहून कर भरणाऱ्या लोकांचे. परिव्राजकानें वर्षाकाळाखेरीज एका ठिकाणीं फार दिवस राहूं नये असा आमच्याकडे दंडक होता. अमेरिकन सरकारनेंहि आपल्या कित्येक मोकळ्या जमिनींवर चौदा दिवसांहून अधिक मुक्काम करूं नये असा नियम केला आहे; तो वैराग्य वाढावें म्हणून मात्र नव्हे. आमच्या परिव्राजकाला झोळी घेऊन गृहस्थाच्याच दारीं जावें लागे, आणि इतर तीनहि आश्रमांचा आधार गृहस्थाश्रम आहे हें स्मृतिकारांनीं लपवून ठेवलेलें नाहीं. मनुष्य ऋणी म्हणूनच जन्मास येतो असें सांगतांना शतपथ ब्राह्मणानें देव, ऋषि व पितर यांच्या जोडीला मनुष्यांचेंहि ऋण मोजलें आहे. सूर्य बिल पाठवीत नाहीं, म्हणून सूर्य व आपण यांच्या मध्यें उभीं असलेलीं माणसेंहि नाहींतशीं होतात, असें थोडेंच आहे?

या मुलाचा आदर्श थोरो. १८४५ सालीं थोरोनें वॉल्डन तळ्याच्या कांठीं स्वहस्तें झोपडी बांधली, व तीस २८ डॉलर १२½ सेंट खर्च आला हें फळ्या, खिळे, चुना यांच्या जमाखर्चासह आपल्या १८५४ च्या ग्रंथांत छापलें. तीहि मोजदादच. पण ज्या कुऱ्हाडीनें त्यानें झाडें तोडलीं ती उसनी होती, आणि जमीन मित्राची, एमर्सनची. थोरोनें कुऱ्हाडीचें उसनेपण झांकलें नाहीं. घेतली तेव्हांपेक्षां अधिक धार लावून परत केली, असें तो आवर्जून सांगतो. आमच्या मतें स्वावलंबनाची शोभा या धारेंत आहे.

मात्र त्याच ग्रंथांतील दुसरी एक हकीकत आमच्या मनांतून जात नाहीं. झोपडीच्या फळ्यांसाठीं थोरोनें आगगाडीच्या रस्त्यावर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स नांवाच्या आयरिश मजुराचें खोपटें सव्वाचार डॉलरांस विकत घेतलें. मजुरानें दुसऱ्या दिवशीं पहांटे जागा खालीं करून द्यावयाची, असा सौदा. सकाळीं थोरोला तें कुटुंब वाटेंत भेटलें. एका गांठोड्यांत त्यांचा सगळा संसार होता. त्यांनीं मागें ठेवलेलें खोपटें मोडून त्याच्या फळ्या थोरोनें तळ्याकांठीं नेल्या. त्या दिवशीं दोन बिऱ्हाडें हललीं. एकाचा ग्रंथ झाला व जगानें तो वाचला. दुसरें कोठें गेलें हें कोणीं विचारलें नाहीं.

आजहि अमेरिकेच्या रस्त्यांवर हीं दोन्हीं बिऱ्हाडें एकाच तऱ्हेच्या गाडींतून चाललीं आहेत. २००८ च्या आर्थिक कोसळीनंतर ज्यांचीं घरें किंवा वार्धक्याची पुंजी गेली, अशा साठी-सत्तरीच्या माणसांची कथा जेसिका ब्रूडर यांनीं २०१७ सालीं 'नोमॅडलँड' या पुस्तकांत सांगितली. हीं माणसें उन्हाळ्यांत सरकारी वनांतील तळांवर झाडलोट करीत, आणि नाताळच्या आधीं ॲमेझॉन कंपनीच्या वखारींत माल उचलीत. अशा भटक्यांना कामास लावण्यासाठीं कंपनीनें एक स्वतंत्र योजनाच काढली होती, ती पुढें बंद झाली. हिवाळ्यांत अरिझोनांतील क्वार्टझाइट गांवाभोंवतालच्या वाळवंटांत त्यांच्या गाड्या जमतात. तेथें छपराछपरांवर तेंच पॅनेल, तीच बॅटरी, तोच दीड युनिटाचा हिशेब. आंतली गोष्ट मात्र निराळी. एकानें किटली देऊन टाकली आहे. दुसऱ्याजवळ ती कधींच परवडली नाहीं. एक ज्या दिवशीं म्हणेल त्या दिवशीं परत घर घेऊं शकतो, आणि त्याच्या स्वातंत्र्याचा मोठा भाग त्याच्या बँकेंत आहे, छपरावर नाहीं. पुष्कळ शहरांत रात्रीं गाडींत झोंपण्यास मनाई आहे. उघड्यावर मुक्काम करणारांस दंड केल्यानें क्रूर शिक्षेच्या घटनात्मक मनाईचा भंग होत नाहीं, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं ओरेगॉनमधील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यांत दिला. कायदा दोघांना सारखाच; झोंप मात्र एकाचीच मोडते.

आम्हीं तरी कोणत्या तोंडानें अमेरिकेस बोलावें? चितोड १५६८ मध्यें पडल्यावर छपराखालीं राहणार नाहीं व रात्रीं दिवा लावणार नाहीं अशी शपथ आपल्या पूर्वजांनीं घेतली, असें गाडिया लोहार सांगतात. त्यांची गाडी हेंच घर व हाच कारखाना, ऐरण-हातोड्यासह. त्यांना आपण शूर म्हणतों व गांवाबाहेर उतरवितों. १८७१ च्या कायद्यानें सरकारला जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार मिळाला, आणि या तडाख्यांत कित्येक भटके समाज सांपडले. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. तो कायदा १९५२ सालीं गेला. पण आजहि पारध्याचा पाल गांवाजवळ पडला कीं आधीं पोलिसांची आठवण होते. मंगोलियांत या शतकाच्या आरंभीं सरकारनें एक लाखाहून अधिक भटक्या पशुपालक कुटुंबांना त्यांच्या तंबूंसाठीं सौर संच मिळवून दिले. तेथें दिवा देतांना भटकणें सोडा अशी अट घातली नाहीं, ही गोष्ट आम्हांस त्या दिव्यांहूनहि मोठी वाटते.

असो. पत्र अखेर गेलें. जाऊं नको, असें आम्हीं लिहिलें नाहीं; तो जें हातानें शिकत होता तें आम्हांस आमच्या खुर्चीवरून शिकवितां आलें नसतें. मिंधा नाहीं हें वाक्य मात्र खोडून काढ, असें लिहिलें. आणि मुक्कामावर शेजारीं कोण उतरतें, तें आम्हांस कळव, अशी विनंति केली.

उत्तर फेब्रुवारींत आलें. क्वार्टझाइटच्या वाळवंटांत त्याच्या शेजारीं एका वृद्ध बाईंची जुनी गाडी होती. त्यांची बॅटरी भरेना. त्यानें आपली हत्यारांची पेटी नेऊन सबंध दुपार तारा तपासल्या; एका टोंकाला गंज चढला होता, तें कापून नवें बसविलें. बाईंनीं त्याला सूप पाजलें. तुम्ही घरीं कधीं जाणार, असें त्यानें सहज विचारलें, तर त्यांनीं गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला. त्याची पकड तेथेंच राहून गेली. ती आणावयास तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं गेला तेव्हां बाईंचे चौदा दिवस भरले होते, आणि त्या जागीं चाकांचे वण तेवढे उरले होते. पकड नवी घेतली, असें त्यानें ताजा कलम म्हणून लिहिलें आहे.

आमच्या स्नेह्यांनीं हें पत्र दोनदां वाचलें, आणि चष्मा पुसून तें आमच्या हातीं देत म्हणाले, "परत कधीं येणार, तें कोठें लिहिलें आहे का पाहा बरें." आम्हीं पाहिलें. लिहिलेलें नव्हतें.