पैशाचे रक्षण हा धर्म आहे काय?

देवस्थानाच्या पत्रिकेत पैसा राखण्याचा आणि गुंतविण्याचा विषय यावा, हे कित्येक वाचकांस विसंगत वाटेल. जेथे संतांची वचने ऐकावयाची, तेथे मुद्दल, व्याज आणि मुदत यांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. त्याचे यथामती उत्तर देण्याचा हा प्रयत्न होय. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरतेच झाले आहे आणि घर भिक्षुकीचे आहे. अशा घरात ठरलेले वेतन नसते, निवृत्तिवेतन नसते. श्रावणात आणि लग्नसराईत जे येते त्यावर पौष महिना काढावयाचा असतो. ज्यांचे उत्पन्न असे बेभरवशाचे, त्यांनी गुंतवणुकीची मुळाक्षरे शिकावीत की त्यांपासून दूरच राहावे, हा प्रश्न मला हिशेबाइतकाच नीतीचाही वाटतो.

दूर राहावे असे म्हणणारे बहुधा तुकोबांचा दाखला देतात. सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु परंपरेने सांगितलेल्या या कथेतील एक भाग आपण विसरतो. खते बुडविण्यापूर्वी त्यांचे दोन वाटे झाले. एक वाटा धाकटे बंधू कान्होबा यांचा. तो तुकोबांनी त्यांच्या हवाली केला. नदीत गेला तो केवळ स्वतःचा वाटा. गृहस्थाश्रमी माणसाने यातून घ्यावयाचा बोध असा की, त्याग करावयाचा तो आपल्या वाट्याचा. दुसऱ्याच्या वाट्यावर उदार होण्याचा अधिकार कोणासही नाही.

या दृष्टीने प्रत्येकाने आपल्या गाठीच्या पैशाकडे पाहावे. त्यात वृद्ध मातापित्यांचे औषधपाणी आहे, मुलीचे शिक्षण आहे, आपण उद्या अंथरुणास खिळलो तर पत्नीस लागणारा आधार आहे. तो पैसा नावाने आपला असला तरी वस्तुतः आपल्यापाशी ठेवलेली ती ठेव आहे. मनुस्मृतीने व्यवहाराची अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ दुसरेच स्थान निक्षेपाला, म्हणजे विश्वासाने सोपविलेल्या ठेवीला आहे. ठेव सांभाळणे हा आपल्या परंपरेत धर्माचाच विषय मानला गेला आहे.

मग राखणे म्हणजे नेमके काय? नवशिक्याची पहिली समजूत अशी की, पेटीत कुलूपबंद असलेला पैसा सर्वांत सुरक्षित. नोटा मोजल्या तर तितक्याच भरतात हे खरे; पण त्या नोटांना येणारे धान्य तितकेच राहत नाही. येथे एक सोपे गणित उपयोगी पडते. ७२ या संख्येस वाढीच्या दराने भागावे. जे उत्तर येईल साधारणतः तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. महागाई दरसाल ६ टक्क्यांनी वाढत राहिली तर १२ वर्षांत किमती दुप्पट होतील, म्हणजे पेटीतील १०० रुपयांस आजच्या ५० रुपयांइतकाच माल मिळेल. चोर आला नाही, कुलूप फुटले नाही, तरी निम्मा ऐवज गेला. म्हणून महागाईच्या मागे न पडण्याइतकी वाढ इच्छिणे हे रक्षणाचेच अंग आहे. त्यास लोभ म्हणता येणार नाही.

लोभाची हद्द त्यापुढे सुरू होते, आणि ती ओळखण्याची खूण आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांवर दरमहा सव्वा पण व्याज धर्म्य मानले आहे. परंतु व्यापाऱ्यांकडून पाच पण, अरण्यातून जाणाऱ्यांकडून दहा पण आणि समुद्रावर जाणाऱ्यांकडून वीस पण असा चढता दर सांगितला आहे. अरण्यात दरोडेखोर आणि समुद्रात वादळ. तेथे मुद्दलच बुडण्याचा संभव, म्हणून व्याज अधिक. गुंतवणुकीचा पहिला धडा हाच. समुद्रावरचे व्याज आणि ओसरीवरची निर्धास्ती ही दोन्ही एकाच ठिकाणी मिळत नाहीत. मिळतील असे जो सांगतो, तो एक तर स्वतः अज्ञानी आहे किंवा आपणांस फसवीत आहे.

'दामदुप्पट' या शब्दाचा इतिहासही विचार करण्यासारखा आहे. आज तो ऐकला की अल्पावधीत पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजना डोळ्यांपुढे येतात. मूळ अर्थ याच्या उलट होता. थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येणार नाही, असा हिंदू धर्मशास्त्राचा तो नियम होता, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानीत. सावकाराच्या लोभास घातलेला बांध होता, त्याचेच आता सामान्यांच्या लोभासाठी आमिष झाले आहे.

अशा योजनांचे प्रतिनिधी पुरोहित, शिक्षक, वैद्य यांच्याकडे आधी येतात, कारण यांच्या शब्दावर लोकांचा विश्वास असतो. आमच्या घरीही असे एक गृहस्थ आले होते. दरमहा शेकडा ५ रुपये परतावा, आणि वडिलांनी यजमानांकडे शब्द टाकल्यास त्यांस निराळी दलाली, असा प्रस्ताव होता. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि एवढेच विचारले, "आपण हे पैसे कोणत्या धंद्यातून मिळविता?" उत्तर पुष्कळ लांबले, पण त्यात धंद्याचे नाव आले नाही. ते गेल्यावर मी आकडे मांडून पाहिले. दरमहा ५ टक्के चक्रवाढीने १ लाख रुपयांचे एका वर्षात सुमारे १ लाख ८० हजार होतात आणि १० वर्षांत सुमारे ३ कोटी ४९ लाख. असा धंदा खरोखर हाती असता तर त्या गृहस्थांस परक्याच्या ओसरीवर येण्याचे कारणच पडले नसते. अमेरिकेतील बोस्टन शहरी १९२० साली चार्ल्स पाँझी याने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देऊ केला होता. आधी आलेल्यांचा नफा तो मागून आलेल्यांच्या पैशांतून चुकवी. नव्यांचा ओघ आटताच डोलारा कोसळला. शंभर वर्षांत ही रीत मुळीच बदललेली नाही.

वडिलांचा आक्षेप मात्र माझ्या गणिताहून खोल होता. ते म्हणाले, "अरे, आपले गेले तर आपण अर्धपोटी राहू. यजमानांचे गेले तर त्यांच्या घरी संकल्प कोणत्या तोंडाने सांगू?" जे आपणांस कळत नाही त्यात पैसा घालणे ही चूक आहेच, पण जे कळत नाही त्याची दुसऱ्यास शिफारस करणे हे पाप आहे, असे मला तेव्हापासून वाटते.

आता पैसा ठेवावा कोठे? आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँकेची स्थापना केली, तेव्हापासून सामान्य माणसास बँक परिचित आहे. तथापि बँकाही बुडू शकतात. १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. प्रारंभी प्रत्येक ठेवीदारास १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाखांपर्यंत वाढले. यात मुद्दल व व्याज दोन्ही धरतात, आणि एकाच बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र मोजतात. पतसंस्थांस मात्र हा विमा लागू नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांस आरंभी केवळ १,००० रुपये काढता येत होते. सबब सर्व ठेव एकाच बँकेत ठेवू नये. पोस्टाच्या बचत योजनांमागे केंद्र सरकार उभे असते. १९६८ साली सुरू झालेला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीही सरकारचाच. त्याची मुदत १५ वर्षांची, म्हणून घाईच्या खर्चाचा पैसा तेथे घालू नये.

शेअरबाजारास सरसकट जुगार म्हणणे मला पटत नाही. शेअर घेणे म्हणजे चालत्या धंद्यात भागीदार होणे, आणि भागीदारास नफ्याबरोबर तोटाही सोसावा लागतो. जानेवारी २००८ मध्ये मुंबई बाजाराचा निर्देशांक २१ हजारांवर होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो ९ हजारांच्याही खाली उतरला, आणि पुन्हा २१ हजार दिसावयास नोव्हेंबर २०१० उजाडला. ज्याचा पैसा दूरच्या काळासाठी होता आणि अनेक चांगल्या धंद्यांत विभागलेला होता, तो थांबू शकला. ज्यास मुलीच्या लग्नासाठी त्याच वर्षी रक्कम हवी होती, त्यास तोटा पदरी घेऊन विकणे भाग पडले. बाजार दोघांसही एकच होता. कोणता पैसा तेथे न्यावा, या विवेकात फरक होता.

म्हणून नवशिक्याने क्रम सोडू नये. प्रथम जड व्याजाचे कर्ज फेडावे. नंतर सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी, बचत खात्यात ठेवावा. त्यानंतर मुदतठेव व पोस्ट. आणि सात-आठ वर्षे ज्यास हात लावावा लागणार नाही असा जो थोडा पैसा उरेल, तोच धंद्याच्या भागीदारीत घालावा. कोठेही पैसा देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: हा नफा कशातून येतो, रिझर्व्ह बँकेकडे किंवा सेबीकडे आपली नोंद आहे काय, आणि मला पैसा परत हवा झाल्यास तो केव्हा व किती मिळेल. विचारण्यात भीड वाटते, विशेषतः समोर नातेवाईक असला म्हणजे. परंतु ज्यांची ठेव आपण राखतो त्यांच्यापुढे ही भीड क्षुल्लक आहे.

एक कर्तव्य तर विनामूल्य आहे. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन करावे. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. वारसांस त्या मागता येतात खऱ्या, पण त्यांस खाते ठाऊक असेल तरच. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण वहीला हळदकुंकू वाहतो. त्या वहीच्या पहिल्या पानावर आपल्या ठेवी, मुदती आणि नामनिर्देशित व्यक्ती यांची यादी लिहावी, आणि ती पत्नीस व जाणत्या मुलामुलींस वाचून दाखवावी. विश्वस्ताने हिशेब द्यावयाचा असतो. तो घरच्यांस देण्याची सद्बुद्धी श्रीकृपेने आपणा सर्वांस होवो, हीच प्रार्थना.